पाद्र्याच्या वहीतली सिसेल

४ मार्च २०१४

आज व्हिबोर्गच्या दप्तरखान्यातून एका पोरीचं पत्र आलं. वाचून मी मोठ्यांदा हसले.

सिग्ने तिचं नाव. येत्या जूनमध्ये माझ्या ‘जवाची बोट’ या पुस्तकाला तीस वर्षं पुरी होतात. त्यानिमित्त आमच्या क्लितहाव्नच्या बंदरावर प्रदर्शन भरणार आहे, पुस्तकातल्या सिसेलच्या नावाचा दगड उभा राहणार आहे. प्रदर्शनात दोनशे वर्षांपूर्वीचे इथले पाद्री लाउरिट्स यांची मूळ वही काचेखाली ठेवावी, असं या सिग्नेबाईंच्या मनात आहे. पण त्या वहीत सिसेलचा मजकूर काही तिला सापडत नाही म्हणे. ‘कृपया पान क्रमांक कळवाल का?’

मी विगोला पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, “बघ, हातात यंत्रं आली आणि डोळे गेले. तुला नुसत्या पेन्सिलीने जे सापडलं, ते हिला सापडेना.” विगो ओट्यापाशी बटाटे सोलत होता. आज त्याने बटाटे असे सोलले की निम्मं जेवण सालांतच गेलं. माझा नवरा आता पंच्याहत्तरीला आला. हात चालत नाहीत, दुसरं काय.

पान क्रमांक मला कुठून माहीत असणार? ती जुनी लिपी मला वाचता येत नाही. दप्तरखान्यात जायचा तो विगो. पोस्टातली नोकरी सांभाळून दर शनिवारी जायचा, मजकूर उतरवून आणायचा, मी त्यातून पुस्तकं लिहिली. पाच पुस्तकं. इंग्रजांची जहाजं समुद्र अडवून बसलेली, पलीकडे नॉर्वेत माणसं उपाशी, आणि आमच्या गावची अकरा वर्षांची पोर मामाबरोबर बोटीत जव भरून जाते आणि परतताना एकटीच बोट घेऊन येते. हे साल १८०९चं. पाद्र्याने विचारलं, तुला वाट कशी सापडली? ती म्हणाली, ‘वाट शोधली नाही. घरचा वास कुठून येतो तेवढं बघत राहिले.’ हेच वाक्य आता दगडावर कोरताहेत.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी एक पान लिहिलं आहे: सिसेल खरोखर होऊन गेली. मुलांना सगळ्यात जास्त ते पान आवडतं.

११ मार्च

सिग्नेचा फोन. आवाज गोड, पण चिकट आहे पोरगी. १७९८च्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत सिसेल पेडर्सदात्तर नाही म्हणे. मागच्या-पुढच्या वर्षांतही नाही. मी म्हटलं, “बाई, त्या काळी नोंदी ठेवणारे पाद्री पिऊन झोपायचे.” ती म्हणाली, “असेलही. पण पेटी क्रमांक मिळाला तर फार बरं होईल.”

विगोला विचारलं. “आठवत नाही,” म्हणाला आणि सायकलीत हवा भरायला बाहेर गेला. काल संध्याकाळीच भरली होती.

मला काळजी वाटते. गेल्या आठवड्यात चष्मा फ्रीजमध्ये सापडला. रात्री उठून बसतो. विचारलं तर ‘काही नाही’. उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्याला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ठीक आहे, जाऊ.” इतका गरीब स्वभाव आहे त्याचा.

१२ मार्च

डॉक्टरांनी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. विगोने सगळं बिनचूक केलं. मी शेजारी बसून मनातल्या मनात करत होते. माझे दोन शब्द राहिले.

“यांची स्मरणशक्ती उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मनावर काही ओझं आहे का, विगो?”

“नाही,” विगो म्हणाला.

१८ मार्च

व्हिबोर्गहून परतीच्या गाडीत लिहिते आहे. गाडी हलते, अक्षर कसं उमटतंय मलाच ठाऊक.

विगो आला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. सिग्नेने स्टेशनवरून नेलं. लहान चणीची आहे, केस पोरासारखे कापलेले. तिने पेटी माझ्यासमोर उघडली. पाद्री लाउरिट्स यांची वही मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तीस वर्षं जिच्या जिवावर मी जगले, ती एवढीशी, चामड्याची, कोपरे उंदरांनी खाल्लेली. मला भरून आलं. मग सिग्ने एकेक पान वाचू लागली. वारा. गारा. वारा. कोंबडी खुडूक बसली. गुडघा दुखतो. पुन्हा वारा. १८०९ सालची सोळा पानं. सिसेल नाही. बोट नाही. जव आहे, पण तो कोंबड्यांना घातलेला.

“दुसरी वही असेल,” मी म्हटलं.

“त्यांची एकच वही आहे.”

“मग पानं फाडलीत कुणीतरी.”

“पानांना तेव्हाच आकडे घातलेत. एकही तुटलेलं नाही.” मग तिने वही मिटली. “तुमचे पती इथे येऊन गेलेत, ते मात्र खरं. भेट देणाऱ्यांचं जुनं रजिस्टर बघितलं मी. १९८३चा हिवाळा, सलग आठ शनिवार. आणि हीच पेटी मागवली होती त्यांनी. शिवाय चर्चचं मृत्यूंचं बुक.”

मी तिला काय काय बोलले ते आठवून लाज वाटते. वही बदलली म्हटलं. तुम्हीच हलगर्जीपणा केला म्हटलं. पोरगी शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “पाणी आणू का?” त्यानेच मी जास्त घाबरले.

गाडीत बसून ठरवून टाकलं: चोरी झाली आहे. मूळ पानं कुण्या संग्राहकाने लांबवली आणि तिथे ही कोंबड्यांची वही ठेवून दिली. पोलिसांत जायला हवं.

त्याच दिवशी, उशिरा

चोरी झालेली नाही.

जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

घरी आले तेव्हा विगोने कॉफी करून ठेवली होती. मी कोट न काढताच सांगायला लागले. चोर, संग्राहक, पोलीस.

“कोणी चोरलं नाही,” तो म्हणाला.

“तुला काय माहीत?”

“चोरायला तिथे काही नव्हतंच.”

मला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय. मी त्याच्या हातावर हात ठेवला. “विगो, तूच तर उतरवून आणलंस.”

“उतरवलं नाही. लिहिलं.”

“म्हणजे तेच ना.”

“नाही, गुद्रुन. मी लिहिलं. सगळं. बोट, मामा, जव, वासाचं ते वाक्य. बसमध्ये लिहायचो.”

मी हसले. खरंच हसले. विगोला साधं वाढदिवसाचं कार्ड लिहायला अर्धा तास लागतो. मग त्याचा चेहरा पाहिला.

तो सांगत होता. चार शनिवार गेला. चार वेळा घरी येऊन ‘काही नाही’ म्हणाला. मी दारात उभी असायचे, हिवाळ्यात, पायात मोजेही नाहीत. “पाचव्या वेळी बसमधून उतरलो तर तू फाटकापर्यंत आली होतीस. मनात म्हटलं, आज पुन्हा ‘काही नाही’ म्हटलं, तर ही पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करेल ती उठायची नाही. म्हणून म्हटलं, एक ओळ सापडली. एकच ओळ देणार होतो, खरं सांगतो. पण तू विचारलंस, ‘आणि पुढे?’”

त्या हिवाळ्याबद्दल या वहीत लिहायचं नाही, असं मी फार पूर्वी ठरवलं आहे. मी चाळिशीची होते, हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आले होते, आणि वरच्या खोलीतला पाळणा विगोने कुणाला तरी देऊन टाकला होता. एवढं पुरे. मीच त्याला म्हटलं होतं की त्या काळच्या एखाद्या मुलीचं काहीतरी शोधून आण, म्हणजे मी लिहायला बसेन.

कॉफी तशीच राहिली. कोट अजून अंगात आहे.

१९ मार्च

तीस वर्षं.

२२ मार्च

माळ्यावरून ते कागद काढले. एकतीस पानं, पोस्टाच्या निळ्या शाईत, त्याचं ते आखल्यासारखं अक्षर. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला माझी पुस्तकं, आणि मुलांच्या पत्रांचा गठ्ठा. मुलं आवडलेली वाक्यं लिहून पाठवतात. मी एकेक वाक्य शोधत गेले.

घरच्या वासाचं वाक्य: विगो. ‘भूक लागली की मोठी माणसं देवाचं नाव घेतात आणि लहान मुलं आईचं’: विगो. मामा पाण्यात पडतो तेव्हा सिसेल ओरडत नाही, आधी त्याची टोपी उचलून कोरडी ठेवते, ते पानच्या पान: विगो.

वादळं माझी. इंग्रज कप्तान माझा. शेळी माझी आहे. मुलांना शेळीही आवडते. निदान शेळी माझी.

हे लिहिताना लाजेने कान तापलेत, पण लिहिते. इतिहास खोटा निघाला याचा धक्का बसलाच. पण ही वाक्यं त्याची आहेत, याचा त्याहून मोठा बसला. एका मुलाखतीत मी म्हटलं होतं, ‘माझा नवरा बिचारा नक्कल करून आणतो, त्याला स्वतःला दोन वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत.’ लोक हसले होते. ते कात्रण विगोनेच कात्रणांच्या वहीत चिकटवलंय. डिंक कुठेही बाहेर आलेला नाही.

२५ मार्च

कोपनहेगनला पाल्लेला फोन केला. तो माझा संपादक, पहिल्या पुस्तकापासूनचा. सगळं सांगितलं.

“कोणाला कोणाला माहीत आहे?”

“मला, विगोला आणि दप्तरखान्यातल्या मुलीला.”

“तिचं तोंड बंद होईल?”

“ती तशी नाही.”

“गुद्रुन, ऐक. तू कादंबरी लिहितेस, जनगणना नाही करत. पुढच्या आवृत्तीत ते शेवटचं पान गुपचूप काढून टाकू. कुणाच्या लक्षातही येणार नाही. जूनमध्ये जा, हस, दगडावरचा पडदा ओढ, घरी ये.”

“आणि मुलांनी विचारलं तर?”

“मुलं मोठी होतात,” पाल्ले म्हणाला.

सिग्नेचंही पत्र आलं. तिच्या प्रदर्शनात जे खरं असेल तेच ती लिहिणार. पण काय लिहायचं ते आधी मी सांगावं, असं तिला वाटतं. दगडाच्या समारंभापर्यंत, म्हणजे चौदा जूनपर्यंत ती थांबेल.

२ एप्रिल

विगोला म्हटलं, तू काही दिवस थिस्टेडला तुझ्या भावाकडे जा. मला तुझं तोंड बघवत नाही.

त्याने पिशवी भरली. जाताना हेरिंग माशांच्या बरण्या खालच्या फळीवर आणून ठेवल्या, माझा हात वर पोचत नाही म्हणून. मला ते इतकं टोचलं की मी दार आपटलं.

१७ एप्रिल

बंदरावर क्रेस्टेन भेटला. आयुष्यभर बोटी बांधल्या, आता दगडाच्या कमिटीचा अध्यक्ष झालाय. मला धरून दगड दाखवायला घेऊन गेला. बोर्नहोम बेटावरचा ग्रॅनाइट, अजून ताडपत्रीत गुंडाळलेला.

“चौदा जूनला मी पण दोन शब्द बोलणार आहे,” तो म्हणाला. “घरचा माणूस म्हणून.”

“घरचा?”

“अहो, सिसेल म्हणजे माझ्या खापरपणजीची सख्खी बहीण! आमच्या आत्याने सगळा वंशवृक्ष काढलाय. आणि हे नाक बघा. बाजूने बघा. पुस्तकात आहे तसंच आहे की नाही?”

ते नाक मी रचलं होतं. पुस्तकासाठी. आमच्या तेव्हाच्या खाटकाचं बघून.

मी म्हटलं, “अगदी तसंच आहे.” घरी येऊन पायरीवर बसून राहिले. नसलेल्या मुलीला बहीण आहे, खापरपणतू आहे, नाक आहे. कुणीतरी तिची गोष्ट सांगितली आणि गावाने तिला गोत्र दिलं. हे मी केलं की विगोने, तेच कळेना.

८ मे

आज शाळेत वाचन होतं. चौथीचा वर्ग. जाताना मनाशी पक्कं केलं होतं की निदान इथे खरं सांगायचं. मुलांना समजतं. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त समजतं, असं मीच दहा ठिकाणी सांगत फिरते.

वाचून झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. थिरा नाव, पुढचे दोन दात चेहऱ्याच्या मानाने मोठे.

“ती खरंच होती ना? माझा दादा म्हणतो, पुस्तकातलं सगळं खोटं असतं. मी म्हटलं, हे नाही. मी पैज लावलीय.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं.

“हो,” मी म्हटलं. “खरंच होती.”

पापणीसुद्धा हलली नाही माझी. आणि त्या मुलीचा चेहरा असा उजळला की मला दिसलं, प्रत्यक्ष दिसलं, खोटं कसं बोललं जातं ते. त्यात कट नसतो, कारस्थान नसतं. समोर एक चेहरा असतो आणि तो विझू नये, एवढंच वाटतं.

बसच्या थांब्यावर आले. अनोळखी बाईने जागा दिली. “बरं वाटत नाही का?” विचारलं. मी म्हटलं, नाही.

११ मे

थिस्टेडला गेले. विगो भावाच्या कुंपणाला रंग देत होता. मला पाहून ब्रश खाली ठेवला नाही.

“आलीस?”

“आले. मी शाळेत खोटं बोलले.”

“कोणाशी?”

“दहा वर्षांच्या मुलीशी.”

त्याने एक फळी रंगवून पुरी केली. “पहिलं जड जातं,” म्हणाला. “पुढची नाही.”

मी उलट्या बादलीवर बसले. “मला कधीच का सांगितलं नाहीस?”

“तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी सांगणार होतो. शब्दसुद्धा जुळवले होते. तेवढ्यात तुझी ती मुलाखत आली, दोन वाक्यांची. म्हटलं, आता सांगितलं तर सूड उगवल्यासारखं दिसेल.”

“राग आला होता?”

“आला ना. दोन दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी.”

“मला कळलंच नाही.”

“हो,” विगो म्हणाला. “ते मला कळलं.”

वाऱ्याने रंगाचे शिंतोडे माझ्या बुटांवर आले. त्याच्या भावाची बायको खिडकीतून बघत होती, मी वर पाहिल्यावर पडदा पडला.

मी म्हटलं, “चौदा जूनला मी सांगणार आहे. सगळ्यांसमोर. तुझं नाव घेऊन.”

“माझं नको.”

“तुझीच वाक्यं आहेत.”

“तुला दिली होती ती.” मग ब्रश डब्यात ठेवून म्हणाला, “घरी यायचं का?”

“ये,” मी म्हटलं.

१४ जून

ऊन होतं. झेंडे लावले होते. दोनशे-अडीचशे माणूस, पुढे शाळेची मुलं. पाल्ले नवा सूट घालून आला होता आणि मला डोळ्यांनी खुणावत होता: हस.

क्रेस्टेनचं भाषण झालं, नाकासकट. मग त्याने माझ्या हातात पडद्याची दोरी दिली. मी ती दोरी सोडून दिली.

काय बोलले ते सलग आठवत नाही. म्हटलं, सिसेल नव्हती. पाद्र्याच्या वहीत कोंबड्या आहेत, ती नाही. तीस वर्षांपूर्वी एका माणसाने आजारी बायकोला उठवण्यासाठी ती बनवली, आणि त्या बायकोने न तपासता तुम्हाला ती खरी म्हणून सांगितली. दगडावरचं वाक्य माझं नाही, माझ्या नवऱ्याचं आहे, तो तिथे दिव्याच्या खांबापाशी उभा आहे.

सगळ्यांनी वळून विगोकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

झेंड्याची दोरी खांबावर वाजत होती तेवढीच. मग क्रेस्टेन म्हणाला, माइकसमोर उभा होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, “मग माझं नाक कुणाचं?” मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. टोपी घातली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याच्यामागे आणखी काहीजण गेले. एक बाई जाताजाता विगोला म्हणाली, “लाज वाटायला हवी तुम्हाला.” तो म्हणाला, “वाटते.” पाल्ले कधी गेला ते कळलंच नाही.

मला वाटलं होतं, मुलं समजून घेतील. थिरा पुढे आली. पुस्तक छातीशी धरलेलं.

“तुम्ही माझ्याकडे बघून ‘हो’ म्हणाला होतात.”

“हो.”

“मला वाटलं होतं, दादाच खोटं बोलतो.”

“तो खरं बोलत होता. मी नाही.”

मी माफी मागणार होते, शब्द तयार होते. ती ऐकायला थांबलीच नाही. पुस्तक दगडाच्या पायथ्याशी ठेवलं आणि आईचा हात धरून चालायला लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने.

पडदा शेवटी सिग्नेने आणि विगोने काढला. तेव्हा वीसेक माणसं उरली होती.

३ जुलै

वर्तमानपत्रांतलं संपत आलं. कुणी मला धीट म्हटलं, कुणी विगोला लबाड, एकाने उलट. टपालाने अकरा पुस्तकं परत आली. एका पुस्तकात पान दुमडलेलं होतं, टोपीच्या प्रसंगाचं. ते मी सरळ केलं नाही.

कमिटीत मतदान झालं. सहा विरुद्ध पाच मतांनी दगड राहिला, खाली एक ओळ वाढवणार: ‘सिसेल कल्पित आहे.’ क्रेस्टेन भेटला की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. पाल्लेने ठरलेलं सहावं पुस्तक रद्द केलं. पहिली पाच मात्र नव्याने निघतील, शेवटच्या पानाशिवाय आणि मुखपृष्ठावर दोन नावं घालून. विगोने करारावर सहीच्या जागी इतकं बारीक नाव लिहिलं की त्यांनी कागद परत पाठवला.

सिग्नेने विचारलंय, ऑगस्टपासून ती जुनी लिपी शिकवण्याचा वर्ग घेते आहे, येता का? एकाहत्तराव्या वर्षी! मी हो म्हटलं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुष्कळ वाचलं.

१९ सप्टेंबर

सहा आठवडे झाले. वर्गात मी सगळ्यात मंद आहे. ‘एन’ आणि ‘यू’ अजून सारखेच दिसतात. पण आज सिग्नेने मला एकटीला मोकळ्या खोलीत बसवलं आणि १८०९चं मृत्यूंचं बुक पुढे ठेवलं. “हे पान स्वच्छ आहे,” म्हणाली. “घाई करू नका.”

पहिल्या ओळीला पंचवीस मिनिटं लागली. आने, विणकराची मुलगी, सहा वर्षं, ताप. मला लहान पोरीसारखा आनंद झाला. मी स्वतः वाचलं! मग दुसरी ओळ. निल्स, चार वर्षं, ताप. तिसरी. त्याचीच बहीण. चौथ्या ओळीला माझा आनंद ओसरला. जानेवारी, फेब्रुवारी. एका हिवाळ्यात, आमच्या एवढ्याशा गावात. दुपारभरात नऊ ओळी वाचून झाल्या, नऊही मुलं. तीस वर्षं मी या गावचं, याच सालचं लिहिलं, शाळांतून सांगितलं, आणि हे मला माहीतच नव्हतं. माझ्या पुस्तकात त्या हिवाळ्यात सगळी मुलं शेकोटीभोवती बसून सिसेलची वाट बघतात.

घरी आले तेव्हा विगो तळलेला मासा आणि काळा पाव ताटात वाढत होता. मी सांगितलं, “आज ते मृत्यूंचं बुक वाचलं. १८०९चं पान.”

त्याचा हात थांबला. “कितीजण वाचलेस?”

“नऊ.”

“अजून आठ आहेत,” विगो म्हणाला.

तो ताट हातात धरून तसाच उभा होता.

“तू म्हणाला होतास, चार शनिवार काही सापडलं नाही.”

“सापडल्या होत्या ना मुली. पहिल्याच दिवशी सापडल्या. त्या तुला कशा आणून देणार होतो?”

मग त्याने ताट खाली ठेवलं आणि उरलेली आठ नावं सांगितली. क्रमाने, वयांसकट, कुठेही न अडखळता. किर्स्टेन, आठ. माल्टे, तीन. दोर्ते आणि तिची जुळी बोएल, पाच. येन्स, दोन. दुसरा येन्स, अकरा. मारेन, सात. शेवटी म्हणाला, “आणि एक मुलगी. दोन दिवसांची. नाव ठेवलं नव्हतं.”

आठ शनिवार तो त्या पानासमोर बसला होता. आणि घरी येऊन, दारात उभ्या असलेल्या मला, एका जिवंत मुलीचं सांगत होता.